चुकलं, पुन्हा

समुद्राकाठच्या त्या खेळांच्या गल्लीत काकूंनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्यांचे यजमान, डॉक्टर, मात्र रविवारी जेवण उरकलं की चप्पल अडकवून तिकडे पळत. ते गोळ्या देणारे डॉक्टर नव्हते. वैद्यकाच्या इतिहासावर प्रबंध लिहून झालेले डॉक्टर. पण गल्लीला हा फरक कोण समजावणार? पाळणेवाला गुडघा दाखवी, नेमबाजीच्या दुकानाची मालकीण घसा दाखवी, आणि तीनशे वर्षांपूर्वी अशा दुखण्यावर जळवा कुठे लावत ते डॉक्टर रंगात येऊन सांगत. लोक ऐकूनच बरे होत.

“सवत असती तर भांडता तरी आलं असतं,” काकू म्हणत. “आकाशपाळण्याशी काय भांडायचं?”

डॉक्टर गेले. गल्लीने एका दुपारी खेळ बंद ठेवून त्यांच्या आठवणींसाठी सभा भरवली. काकू गेल्या त्या एकच गोष्ट जाणून घ्यायला. इथे असं काय होतं, जे घरात नव्हतं?

सभा भूतबंगल्याच्या दाराशी होती. नेमबाजीवाली पदराने डोळे पुसत म्हणाली, “डॉक्टरांनी मनगटावर तीन बोटं ठेवली की एका दमात नाडी मोजून मोकळे. कधी म्हणून चुकले नाहीत.”

काकू चपापल्या. घरी तर ते रोज संध्याकाळी त्यांची नाडी बघत आणि रोज चुकत. “चुकलं, पुन्हा,” असं पुटपुटून मनगट तसंच धरून ठेवत. तिकडे भाजी करपे. एवढा शिकलेला माणूस, धड साठपर्यंत मोजता येत नाही, म्हणून काकू जन्मभर करवादल्या होत्या. आता त्यांना रडू फुटलं. चारचौघांत रडायचं कसं, म्हणून त्या सरळ भूतबंगल्याच्या गाडीत जाऊन बसल्या. गाडीवाल्याने मुकाट्याने कळ दाबली.

आत काळोख होता, ओल्या लाकडाचा वास होता. सांगाडे खुळखुळले. एक चेटकीण अंगावर आली आणि बिघडून अर्ध्यातच अडकली. काकूंना तिची कीवच आली.

मग डाव्या मनगटावर तीन बोटं टेकली.

गार. थोडा वेळ थांबली, उचलली गेली.

पुन्हा टेकली.

बाहेर आल्यावर काकूंनी गाडीवाल्याला फैलावर घेतलं. अंधारात रबरी हात लावून बायकामाणसांना घाबरवता, लाज नाही वाटत?

गाडीवाला ओशाळला. “होता एक हात, काकू. पण डॉक्टरांनीच काढायला लावला. नाडी सोडून भलतीकडेच धरतो म्हणाले.”

काकूंनी तडक बसथांबा गाठला. बसमध्ये त्या डावा हात मांडीवर उताणा ठेवून बसल्या. घरी पोचल्यावर पिशवी दातांत धरून उजव्या हाताने कुलूप काढलं आणि दिवासुद्धा न लावता नेहमीच्या खुर्चीत टेकल्या.

“सावकाश मोजा,” त्या म्हणाल्या. “आज गॅसवर काही नाहीये.”

बोटं जराशी उचलली गेली आणि पुन्हा टेकली.