पायरीवरचा दुसरा डाग

राहू दे. तो झाडूवाला राहू दे तुझ्या फोटोत. टॉवरच्या घड्याळाचा फोटो आहे, टॉवरखाली माणूस असणारच. बोट फिरवलं की माणूस गायब, ही सोय मला तरी बघवत नाही.

आणि तू दुपारी विचारत होतीस ना, धाकटे काका फोटो म्हटलं की पळून का जातात म्हणून? आज जेवणानंतर हात धरून ओढलंस त्याला. या ओल आलेल्या भिंतीसमोर सगळ्यांच्या मधे उभं केलंस आणि घेतलास फोटो. नंतर बघितलास का? नाही ना? मग आत्ता बघू नकोस. फोन पालथा ठेव आणि आधी ऐक. दार लोटून घ्या रे कुणीतरी.

तर हा तुमचा धाकटा काका, म्हणजे माझा साडू. आज झेरॉक्सच्या दुकानात बसतो, पण तीन वर्षांपूर्वीपर्यंत तो पट्टीचा फोटोग्राफर होता. आम्ही त्याला 'पुसण्या' म्हणायचो. खिशात कायम एक पिवळं मऊ फडकं. लेन्स पुसेल, चष्मा पुसेल, आपल्याकडे आला की बसायच्या आधी खुर्ची पुसेल. तुमची काकू आतल्या आत धुमसायची. अहो, मी सकाळीच पुसलीय ती, म्हणायची, तरी हा पुसायचा. नाकाने कांदे सोलणारा माणूस. पण हात मात्र सोन्याचा, ते मान्य करायलाच हवं.

त्या वर्षी नगरपालिकेने त्याला मोठं काम दिलं. टॉवर, जुना पूल, वाचनालय, अशा गावातल्या ठळक जागा तिन्ही ऋतूंत टिपायच्या आणि थंडीत वाचनालयाच्याच सभागृहात प्रदर्शन भरवायचं. त्याने एक नियम केला होता. प्रत्येक जागेचा फोटो दर वेळी एकाच ठिकाणी उभं राहून घ्यायचा. वाचनालयासमोरच्या फुटपाथवर त्याने पांढऱ्या रंगाची फुली मारून ठेवली होती, तिपाई तिथेच लागायची. म्हणजे इमारत तीच, फक्त ऋतू बदललेला दिसतो.

वाचनालयाच्या तिसऱ्या पायरीवर एक बाई बसायची. साठी उलटलेली. डावा पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, त्यावर चिंध्या गुंडाळलेल्या, आणि चिंध्यांतून पिवळं झिरपत असायचं. माशा घोंघावायच्या. वारा फिरला की वास रस्ता ओलांडून फुलीपर्यंत यायचा. भीक मागायची नाही ती. येणाऱ्याजाणाऱ्याचं तोंड निरखून बघायची, ओळखीचं कुणी निघतंय का ते.

उन्हाळ्याच्या फोटोत ती आली. पावसाळ्याच्याही आली. साडूने दोन्ही वेळा तिला घरी कॉम्प्युटरवर पुसलं. त्याची रीत सोपी होती. शेजारचा पायरीचा तुकडा उचलायचा आणि तिच्यावर आणून चिकटवायचा. मूळ फोटो लगेच टाकून द्यायचा. घाण कशाला जपून ठेवायची, म्हणायचा.

फ्रेमा करायला सगळं माझ्या दुकानात आलं. पावसाळ्याचा फोटो टेबलावर पसरला आणि मी चष्मा पुढेमागे केला. तिसऱ्या पायरीवर तंबाखूच्या पिचकारीचे दोन लाल डाग. दोन्ही अगदी एकसारखे, दोघांनाही एकच शेपूट, एकाच बाजूला वळलेलं. विचारलं तर हसत सगळं सांगून मोकळा झाला. बाई झाकायला त्याने शेजारची जी पायरी उचलली, तिच्यावर पिचकारी होती. ती पण बाईच्या जागी गेली. थुंकी चालली याला, बाई चालली नाही. मी तोंडावर म्हटलं, तुझी किळस येते मला. त्याला ती थट्टा वाटली. पालथ्या घड्यावर पाणी.

पण खरी घाण त्याने मला तेव्हा सांगितलीच नव्हती.

पावसाळा सरता सरता त्याच्या स्टुडिओत एक तिशीतला माणूस आला होता. परगावचा. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, हातात पाकिटातला लहानसा फोटो. आईचं डोकं ठिकाणावर नाही, म्हणाला, उन्हाळ्याच्या तोंडाला घरातून निघून गेली. तुम्ही गावातल्या सगळ्या जागांचे फोटो काढताय असं कळलं. कुठल्या फोटोत मागेपुढे कुठे आलीय का, तेवढं बघाल?

साडूने फोटो हातात घेतला आणि त्याच क्षणी ओळखली. चेहरा भरलेला होता फोटोत, पण तीच. वाचनालय तिथून हाकेच्या अंतरावर. त्या घडीला ती पायरीवर बसलेली होती, पोरांनो. एक वाक्य बोलायचं होतं याला.

बोलला नाही. बोलला असता तर फोटोतून ती गेली कुठे, तेही सांगावं लागलं असतं, आणि प्रदर्शनाआधी बोभाटा झाला असता. हे एक कारण. दुसरं त्याने मला नंतर सांगितलं, ते ऐकून माझ्या तोंडाला कडू पाणी सुटलं.

"तो तिला आधी स्टुडिओत घेऊन आला असता, भाऊ. ती माझ्या खुर्चीवर बसली असती."

म्हणून याने सांगितलं, नाही पाहिली. त्या माणसाने आभार मानले, एका चिठ्ठीवर फोन नंबर लिहून ठेवला आणि पुढचं गाव शोधायला गेला. आठवड्याभरात ती बाई वाचनालयाच्या मागे, कचऱ्याच्या कुंडीला टेकून मरून पडलेली सापडली. बेवारस म्हणून गाडीत घालून नेली.

आता त्या रात्रीचं सांगतो. डिसेंबरातला दुसरा शनिवार. रविवारी सकाळी प्रदर्शन उघडायचं होतं. संध्याकाळी मी स्वतः फ्रेमा टांगून आलो होतो. साडू जेवून सुपारी कातरत बसला होता, साडेदहाला वाचनालयाच्या वॉचमनचा फोन आला.

"साहेब, तुमच्या फोटोला वास येतोय."

साडूला वाटलं, उंदीर मेला असेल कुठेतरी. आमची मेहुणी म्हणाली, सकाळी बघा. पण सकाळी पाहुणे येणार, आणि हा पुसण्या. फडकं खिशात घातलं, स्कूटर काढली आणि गेला.

वॉचमन दारातच नाकाला रुमाल लावून उभा. आत यायला तयार नाही. सभागृहात एकच ट्यूब चालू होती. साडू एकेक फ्रेम हुंगत गेला. उन्हाळा, काही नाही. टॉवर, काही नाही. वाचनालयाच्या पावसाळ्यासमोर आला आणि एक पाऊल मागे सरला. उंदराचा वास नव्हता तो. पिकलेल्या जखमेचा होता. फुलीवर उभं राहून त्याने दोन ऋतू घेतलेला.

तिसऱ्या पायरीवर काचेवर एक पिवळा ओघळ होता. याने फडकं काढून पुसला. जाईना. घासला. जाईना. मग कळलं, ओघळ काचेच्या आतून आहे.

ती फ्रेम मी बंद केली होती. मागे पुठ्ठा, पुठ्ठ्याला खिळे, खिळ्यांवर चिकटपट्टी. मुंगी शिरणार नाही.

याने फ्रेम टेबलावर पालथी घातली, पट्टी फाडली, काच बाजूला काढली. फोटो ओला होता. फक्त तेवढ्या जागी. याने हलकेच फडकं फिरवलं.

पायरी फडक्याला आली.

दुधावरची साय बोटाला यावी ना, तशी. दगड, शेवाळ... सगळं एका बुळबुळीत पापुद्र्यात निघून आलं. आणि खाली चिंधी दिसली.

कागदाखाली कागद असतो, पोरांनो. मी जन्मभर कागद कापलाय. कागदाखाली चिंधी नसते.

तिथेच थांबायला हवं होतं त्याने. पण चिंधीवर पिवळं होतं. आणि याला डाग बघवत नाही. हात आपोआप चालला.

पुसलं. सुजलेलं पाऊल.

पुसलं. काळी नखं. गुडघा.

फडक्यावर एक माशी येऊन बसली. डिसेंबरात.

पुसलं... मांडी. मांडीवर ठेवलेले हात. गळा. हनुवटी...

हनुवटीपाशी याचा हात थांबला. वर चेहरा नव्हता. वर अजून दगडच होता. आणि तोंडाच्या जागी... तो लाल डाग.

याने फडकं टेबलावर ठेवलं. डोळे मिटले.

काहीच आवाज नाही.

...

मग कपाळाला काहीतरी लागलं. ओलं. मऊ.

फडकं.

सावकाश. कपाळावरून. मग डाव्या डोळ्यावरून. उजव्या. जेवण झाल्यावर आई पोराचं तोंड पुसते ना... तसं. नाक. गाल. आणि तो वास. ओठांवर आलं तेव्हा याला ओरडायचं होतं. पण तोंड पुसत होतं कुणीतरी...

रात्री बाराच्या सुमारास माझ्या अंगणात ओकण्याचा आवाज आला, म्हणून मी दार उघडलं. भडाभडा ओकत होता. पाणी दिलं, घरात घेतलं, आणि मग हे सगळं, त्या चिखलातल्या पँटवाल्या माणसासकट, मला त्याच्या तोंडून कळलं. खरं सांगतो, मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेववला नाही.

पहाटे आम्ही दोघं वाचनालयात गेलो. फोटो टेबलावर होता. कोरडा ठणठणीत. पायरी रिकामी, दोन डाग जिथल्या तिथे. फडकं बाजूला, घडी केलेलं, स्वच्छ. वास नाही. वॉचमन म्हणाला, वास कसला होता कळलं नाही, पण मी दारातून बघत होतो, साहेब बराच वेळ उभे राहून कोरडाच कागद पुसत होते. मीही मनात म्हटलं, डोकं फिरलंय याचं, दुसरं काही नाही. पापाचं टोचतंय.

एवढं मात्र केलं त्याने, की ती चिठ्ठी शोधली आणि त्या माणसाला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी आला. मला वाटलं होतं दोन कानफटात देईल. दिली असती तर बरं झालं असतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कुठल्या पायरीवर?"

साडूने बोटाने दाखवली. तो जाऊन तिथे बसला. दिवेलागणीपर्यंत बसून होता. उठताना साडूसमोर येऊन म्हणाला, "एकही फोटो नाही ठेवलात?"

तो माणूस गेला. आईचं तोंड शेवटी कसं दिसत होतं, हे आता त्याला कधीच कळणार नाही. साडूने पुढच्या महिन्यात कॅमेरा विकला.

आता फोन सुलटा कर. उघड दुपारचा फोटो.

मागच्या रांगेत मधोमध, निळा शर्ट. माझ्या खांद्यावर हात आहे त्याचा. दिसला? कॉलर दिसते ना? आता कॉलरच्या वर बघ.

माहीत आहे गं. तू काही पुसलं नाहीस, माहीत आहे मला. घाबरू नकोस, फोन टाकू नकोस. प्रत्येक फोटोत असंच येतं. आधी नव्यांत यायला लागलं. मग माझ्या मेहुणीने एक दिवस कपाट उघडून जुने फोटो काढले, लग्नातले, बारशातले, आणि सगळे परत आत टाकून कुलूप लावलं. ती कुणाला काही बोलत नाही. पण मला रात्री तेच डोक्यात येतं. उद्या हा बाजारात गेला आणि परत आलाच नाही, तर ती काय दाखवत फिरणार दारोदार?

तुला वाटतंय चेहरा धूसर आलाय. मोठा करून बघ. धूसर नाही तो.

आता मागे वळा सगळे. ही भिंत बघा. ओलीचा डाग एकच आहे ना?

फोटोत मोजा.