गुलाबी दोरा

वरच्या मजल्यावरचा चष्मेवाला दारात आला, तेव्हा त्याच्या हातात झाकणाचा डबा होता. शेजारधर्म म्हणून काही गोडधोड आणलं असेल, असं वाटून शिवणवालीने हात पुढे केला.

"तुमच्या मुकादमाची ओकारी आहे," तो चाचरत म्हणाला. "माझ्या गॅलरीत पडली होती... डॉक्टरांना दाखवायला लागली तर, म्हणून ठेवली."

मुकादम म्हणजे तिचा बोका. दिवसभर मशीनपाशी बसून कामावर नजर ठेवायचा, म्हणून हे नाव. कालपासून तो ओकत होता. आता, परक्याच्या बोक्याची ओकारी डब्यात भरून आणणारा माणूस सरळ असेल का, तुम्हीच सांगा. कुठेतरी पाणी मुरत होतं. बोका रोज दुपारी याच्याच गॅलरीत जायचा आणि मिशा चाटत खाली यायचा.

"काय खायला घालता त्याला?"

"मी?" त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. काच स्वच्छच होती. "तसं काही नाही..."

चोराच्या मनात चांदणं, ती मनात म्हणाली. मेला दिसायला बरा होता, याचा तिला आणखीच राग आला.

तेवढ्यात मशीनखाली बोक्याने पोट आत ओढलं आणि नुसता पिवळा फेस टाकला. तिने पाणी पुढे केलं, त्याने तोंड फिरवलं. वडील गेल्यापासून घरात बोलायला हा एकच जीव होता. तो गेला तर...

चष्मेवाल्याने तोवर जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावलाही होता. "जिभेखाली बघा म्हणतात."

तिने जबडा उघडला. जिभेखाली गुलाबी दोरा अडकला होता. तो ओढायला ती झेपावली, पण त्याने मनगट धरलं.

"ओढू नका. दुसरं टोक पोटात असेल. ओढलं तर आतडं कापतं... लगेच घेऊन या म्हणतात."

गुलाबी दोरा तिच्याच हातच्या फ्रॉकचा होता. टाका संपला की दाताने दोरा तोडायचा आणि खाली टाकायचा, ही तिची लहानपणापासूनची खोड. संशय मात्र वरच्या मजल्यावर घेतला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑपरेशन चालू असताना दोघं बाहेरच्या बाकावर बसले.

"मी तुमच्यावर संशय घेतला," ती म्हणाली.

"तो अगदीच खोटा नव्हता." त्याने पुन्हा चष्मा काढला. "मी त्याला रोज उकडलेला मासा देतो. लपून."

"का?"

"तो वर आला, की तुम्ही अर्ध्या जिन्यापर्यंत येऊन हाका मारता..." तो थांबला. "हाका त्याला असतात, ठाऊक आहे. पण मी दाराशी येऊन उभा राहतो."

डॉक्टर बाहेर येऊन "वाचला" म्हणाले, तेव्हा तिने त्याचाच हात घट्ट धरला आणि रडली.

बोका घरी आला. चष्मेवाल्याचा तो डबा तिने खळखळून धुतला आणि मशीनपाशी ठेवला. तुटलेले दोरे आता त्यात जातात.

मग एका दुपारी ती अर्धा जिना चढली. थांबली... आणि उरलेला अर्धाही चढली.

त्याने दार उघडलं. "मुकादम इकडे नाही आला."

"माहीत आहे. खाली झोपलाय," ती म्हणाली. "मला काय खायला घालता, ते बघायला आले."