आग वाढवा!

डोंगराच्या पायवाटेवर समोरून आलेल्या माणसाच्या खांद्यावर निरगुडीचे हिरवे डहाळे होते आणि खिशातून काडेपेटी डोकावत होती. सुमैराने शिट्टीच फुंकली.

"थांबा! काडेपेटी इकडे द्या."

"घ्या की," तो हसला. "पन मॅडम, उद्या तुमीच आख्ख्या गावाला घेऊन आग लावनार, आन् आज मलाच पकडता?"

सुमैरा नेवाशाची. पारनेर तालुक्यातल्या या गावात वनरक्षक म्हणून नुकतीच आलेली. आणि हा मुजफ्फर, सुप्याला दुधाचा टेम्पो नेणारा. उद्या आग झोडपायला लागतील म्हणून डहाळे तोडून आणत होता. काडेपेटी चहासाठी होती म्हणे.

"बरं, मुजफ्फरभाई, सकाळी वेळेवर या," ती जमेल तेवढ्या कडक आवाजात म्हणाली.

"येतो. पन... 'भाई' तेवढं नका म्हनू."

सुमैराने वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हसू लपलं नसतं. काडेपेटी मात्र तिच्याकडेच राहिली.

उद्या जाळरेषा काढायची होती. कुरण आणि रोपवन यांच्यामधला गवताचा पट्टा वारा पडलेला असताना आपणच जाळून टाकायचा, म्हणजे उन्हाळ्यात वणवा आलाच तर तिथवर येऊन उपाशी मरतो. पण जंगलात काडी ओढणं म्हणजे गुन्हा, एवढंच गाव आजवर ऐकत आलं होतं. वनसमितीचे अध्यक्ष काकासाहेब कसेबसे तयार झाले होते.

"त्या कुरनावर आमची जनावरं जगत्यात," त्यांनी बजावलं होतं. "तिथं आग शिरली, तर पुन्यांदा तुमच्या शब्दावर गाव डोंगर चढायचं न्हाई."

सकाळी गवतावर दंव होतं. छबूबाई, हनुमंता, गावातली सगळी बायामाणसं डहाळे घेऊन पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली. आग शहाण्या वासरासारखी बेताने पुढे सरकू लागली. मुजफ्फर नेमका सुमैराच्या शेजारी.

"मॅडम, ओढनीला कुसळं लागल्यात."

"आगीकडे बघा."

"दोन्हीकडं बघतोय..."

सुमैराचे कान तापले. आगीच्या नावावर खपून गेलं, ते बरंच झालं.

इतक्यात वारा फिरला. ज्वाळा पट्टा ओलांडून कुरणाकडे झेपावल्या. सुमैरा जिवाच्या आकांताने ओरडली, "वाढवा! वाढवा!"

छबूबाई क्षणभर थबकल्या. मग मॅडमचा हुकूम म्हणून त्यांनी पेटतं गवत काठीने आणखी पुढे ओढलं. हनुमंतानेही तेच केलं.

"अहो, वाढवा म्हणतेय ना!" सुमैरा रडकुंडीला आली.

एकटा मुजफ्फर कुरणाच्या कडेला धावला आणि धपाधप डहाळे हाणत ओरडला, "विझवा! मॅडम विझवा म्हनत्यात!" मग सगळेच तुटून पडले. घोंगडीएवढा तुकडा काळा झाला, बाकी कुरण वाचलं.

"आवं, वाढवा म्हंजी वाढवाच की!" छबूबाई धापा टाकत म्हणाल्या.

सुमैरा शरमेने लाल झाली. तिच्या घरी दादी दिवा 'विझव' म्हणू देत नसे. अशुभ! 'चिराग बढाव' म्हणायचं. घाबरल्यावर जिभेवर घरचंच आलं, तेही अर्धं मराठी होऊन.

"आमची दादी बी असंच म्हनती," मुजफ्फर म्हणाला. "आन् छबूमावशी, दुकान बंद करताना आपन 'वाढवलं'च म्हनतो की!"

काकासाहेब त्या काळ्या तुकड्याकडे बघत राहिले.

"पुढल्या साली," ते सावकाश म्हणाले, "आग मॅडमनी लावायची, पन वरडायचं मुजफ्फरनं."

पुढल्या साली! सगळे हसले आणि सुमैराला इतका आनंद झाला की डोळेच भरून आले.

उतरताना ती मुद्दाम मागे रेंगाळली. तोही.

"ही तुमची काडेपेटी."

त्याने ती घेतली, पण खिशात घातली नाही. "मॅडम... कालपासनं हितं," त्याने छातीवर हात ठेवला, "जरा पेटलंय. वाढवू का?"

"कुठल्या अर्थाने?"

"ते तुमी सांगा... दादीच्या, का छबूमावशीच्या?"

सुमैरा थांबली. त्याच्या बाहीला चिकटलेलं एक कुसळ तिने अलगद काढलं.

"छबूमावशींच्या, मुजफ्फर," ती म्हणाली. 'भाई' तेवढं म्हणाली नाही.