सर्वानुमते

मिरजेच्या त्या शाळेत नागरिकशास्त्राचा तास आता फळ्यावर होत नसे. वर्गाच्या मधोमध ‘प्रसंगपट’ होता. सकाळची बातमी त्यात घातली, की जिथे ती घडली ती जागा आणि तिथली माणसं प्रकाशातून उभी राहत, चेहरे मात्र कायद्यानं पुसलेले. मुलांनी कुणाच्याही जागी उभं राहून बोलायचं, आणि मग बाकीचे पुढं काय करतील याचा अंदाज पट दाखवी. बातमी मुलांसमोरच उघडायची, हा नियम कोष्टी मॅडमचा. हौस त्यांचीच, आता भोगणंही त्यांचंच.

आजचा धडा होता, वर्णद्वेष दिसला तर काय करावं.

“सुदानच्या विद्यार्थ्यांना घर भाड्यानं न देण्याचा सोसायटीचा ठराव, सर्वानुमते मंजूर,” नववीतल्या समिधा खोतनं वाचलं.

सोसायटीचं नाव दिलेलं नव्हतं. पण कॅमेऱ्यानं टिपलेलं सभागृह उभं राहिलं, आणि तिसऱ्या रांगेत हिरव्या साडीत बटाटेवडा खाणारी बाई कोष्टी मॅडमनी लगेच ओळखली. स्वतःला कोण ओळखणार नाही?

त्या सभेत आधी हजेरीची वही फिरली होती. सही करायची, वडा घ्यायचा, त्या सह्यांच्या वर ठराव सेक्रेटरी मागाहून लिहीत. “या काळ्या पोरांमुळं सोसायटीचं नाव खराब होतंय,” असं ते म्हणाले, तेव्हा मॅडमना ते खटकलं होतं. पण शेजाऱ्यांत कशाला वाईटपणा घ्या, म्हणून त्या गप्प राहिल्या. खालच्या मजल्यावरचा सुदानी इदरीस नर्सिंग शिकत होता, जिन्यात भेटला की त्यांची पिशवी वर आणून द्यायचा. आता महिनाअखेर त्याला घर सोडायचं होतं.

समिधा सरळ हिरव्या साडीच्या जागी जाऊन उभी राहिली.

“तिथंच का गं?” मॅडमचा आवाज चिरकला.

“हिचा हात वर जातोय बघा, मॅडम. पण फक्त वड्यासाठी.”

वर्ग हसला. समिधा सेक्रेटरीकडे वळली. “माझा विरोध आहे. वहीत लिहा.”

सेक्रेटरीचं पेन थांबलं. मागून एक हात वर आला, मग आणखी दोन. कुरकुर झाली, आणि ठराव पुढच्या सभेवर ढकलला गेला.

मॅडम खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. एका वाक्याचं काम होतं.

“मॅडम, ही का बोलली नसेल?” रेहान तांबोळीनं विचारलं.

उत्तरं तोंडपाठ होती. वीस वर्षं त्या उंटावरून शेळ्याच हाकत आल्या होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली.

“ती मी आहे,” त्या म्हणाल्या.

सगळ्यांच्या नजरा हिरव्या साडीवरून मॅडमकडं वळल्या.

“रविवारी पुन्हा सभा आहे,” मॅडम खुर्चीची पाठ घट्ट धरून म्हणाल्या. “मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कुणाची हरकत आहे का, असं विचारतात. तेव्हा मी उठणार.”

समिधा अजून प्रकाशातच उभी होती.

“पण मॅडम, ते तीन हात यंत्राच्या अंदाजातले. रविवारी एकही वर आला नाही, तर तुम्ही खाली बसाल?”