बांधावरचं भांडण

“आधी खालच्या पाड्याचे आभार माना,” कानातला आवाज म्हणाला. “बांधाचा विषय त्यानंतर.”

प्रांजल घरतने आभार मानले. समाजमंदिरातल्या मागच्या रांगेत आखडलेले खांदे सैल पडताना तिला दिसले. शिरवलखारची ती नवी सरपंच होती. पदर नीट घेतला होता, तरी खांद्याजवळचा पेजेचा डाग झाकला जात नव्हता. निघताना सानू तिला बिलगली होती, तिच्याच तोंडाचा तो डाग. अडीच वर्षांच्या लेकीला सासूकडे सोडून यायचं म्हणजे रोजची एक लढाई होती.

तिच्या उजव्या कानात वाटाण्याएवढी कर्णिका होती आणि समोर बसलेल्या प्रत्येकाच्या मनगटावर करडी नाडीपट्टी. पट्टी नाडी मोजायची, कातडीवरचा घाम मोजायची. त्यावरून सभेत कुठे राग धुमसतोय, कुणाचं लक्ष उडालंय, कोण राजी होत आलंय हे कर्णिकेला कळायचं आणि ती पुढचं वाक्य सुचवायची. जिल्ह्याच्या नेतृत्व-प्रशिक्षण केंद्राने ती तरुण सरपंचांसाठी दिली होती. यात लपवाछपवी काही नव्हती. गावाला सगळं माहीत होतं, आणि पट्ट्या लोकांनी हौसेने बांधल्या होत्या; सभेबाहेरही त्या मनगटावरच असायच्या. प्रांजलच्या आधीच्या सरपंचाच्या सभेत खुर्च्या उडायच्या, तेव्हा हे बरंच म्हणायचं.

“या फाल्गुनातलं उधाण मोठं आहे,” प्रांजल म्हणाली. “खाडीचं पाणी दरवर्षी चढतंय. बांधावर माती घालायला येत्या रविवारी घरटी एक माणूस यावा. आपलं गोड्या पाण्याचं तळं त्या बांधाच्या आड आहे, भाताची जमीन आहे. एकदा खारं पाणी शिरलं, की…”

“पाइपचा उल्लेख टाळा,” कर्णिका हळूच म्हणाली.

हेमंत म्हात्रे पहिल्या रांगेत बसला होता. प्रांजलच्या नवऱ्याचा तो आतेभाऊ. त्याचे कोळंबीचे तलाव होते आणि त्यांत खारं पाणी घ्यायला त्याने बांधातून पाइप घातला होता. पाइपाभोवतीची माती वर्षभर भिजत होती. हे न पाहिलेला माणूस गावात नव्हता.

प्रांजलने उल्लेख टाळला. ठराव झाला. कुणाचा विरोध नाही, कुणाची सूचना नाही. सहमतीचा आकडा इतका वर गेला, की केंद्रातल्या गार्गी सबनीस यांनी तिथल्या तिथे अभिनंदनाचा निरोप पाठवला.

बाहेर पडताना जोमाकाका ठाकुरांनी तिला गाठलं. सत्तरी उलटलेला माणूस, चालताना अजून पाय रोवून चालायचा.

“झाली सभा?”

“झाली की, काका. सगळे हो म्हणाले.”

“तेच इचारतंय. कोण भांडला नाय, मंग सभा झाली कशी?”

ती हसली. बांधावरचं भांडण तिने लग्न होऊन आल्यावर पहिल्याच वर्षी पाहिलं होतं. पूर्वी बांधाच्या कामाआधी सगळं गाव बांधावरच जमायचं आणि वर्षभराचं साठलेलं बाहेर काढायचं. कुणाची म्हैस बांधावर चढली, कुणी उघडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी वेळेवर टाकली नाही, सगळं. नेम असा होता, की ज्याच्याशी भांडण होईल त्याच्या शेजारचा बांधाचा तुकडा आपण घ्यायचा. मग दोघेही एकमेकांच्या मातीवर डोळा ठेवून काम करायचे आणि बांध उभा राहायचा. प्रांजलला तेव्हा ते रानटी वाटलं होतं. पोटुशी असताना त्या आरडाओरड्याने तिला चक्कर आली होती. सरपंच झाल्यावर बांधाची सभा समाजमंदिरात नेण्याचा निर्णय तिचाच.

रविवारी ती बांधावर पोचली, तेव्हा जोमाकाका होते. अनंतीबाय आणि तिच्या दोन सुना होत्या. आणखी कुणी नाही.

“बाकीचे?” प्रांजलने विचारलं.

“बाकीच्यांचा पाठिंबा हाय ना तुला,” अनंतीबाय घमेलं भरत म्हणाली. “तो पाठव घमेल्यात घालून.”

प्रांजलने घरोघरी फोन केले. सगळे गोड बोलले. हो वयनी, कराय पायजेच वयनी, जरा पोराला क्लासला सोडतो नि येतो. कुणी चिडलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही आणि आलंही कुणी नाही. शेवटी तिने गार्गीताईंना फोन लावला.

“सहमती होती ना?”

“होती तर. जिल्ह्यात सर्वांत जास्त तुमचीच.”

“मग माणसं कुठे आहेत?”

“सरपंचताई, माणूस राजी आहे का एवढंच पट्टी सांगते. तो घराबाहेर पडेल का, ते आम्हाला अजून मोजता येत नाही.”

संध्याकाळी ती घरी आली ती हातापायांवरचा चिखल तसाच घेऊन. सानूला बाऊलमधला भात नको होता, ताटलीतला हवा होता. ताटलीत दिला, तर बाऊल हवा होता. तिने जमिनीवर अंग टाकून दिलं. प्रांजलच्या कानात कर्णिका राहून गेली होती.

“आवाज खाली आणा,” ती म्हणाली. “तिचेच शब्द परत म्हणा. स्पर्श नको.”

दमलेल्या प्रांजलने तसं केलं. “सानूला बाऊल हवा होता. सानूला राग आला.” रडणं थांबलं. खरंच, एखादा नळ बंद करावा तसं. सानू उठली, भात खाल्ला आणि आजीच्या खोलीत जाऊन झोपली. एरवी रडून झालं, की ती शेंबडं नाक आईच्या मानेत खुपसायची, हुंदके देत देत मानेला हळूच चिमटा काढायची आणि मग दोघी हसायच्या. आज ती मानेकडे आलीच नाही. प्रांजल बराच वेळ ओट्याला टेकून उभी राहिली. काय हरवलं ते तिला नेमकं सांगता आलं नसतं. पण भात न जेवताच तिने भांडी घासली.

उधाणाच्या दिवशी सकाळीच अनंतीबायचा फोन आला. “पाइपाजवळ झिरपतंय.”

भरती दुपारी होती. प्रांजल पोचेपर्यंत बांधाच्या आतल्या बाजूला करंगळीएवढी धार लागली होती आणि धारेचं पाणी गढूळ होतं, म्हणजे बांधाची माती घेऊन येत होतं. तळं तिथून हाकेच्या अंतरावर. लोक मात्र आले होते. रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत होते, फोनवर चित्रण करत होते. सगळे शांत होते. सरपंच आली, आता ती बघेल, असं त्यांच्या चेहऱ्यांवर होतं.

“लोक चिंतेत आहेत,” कर्णिका म्हणाली. “धीर द्या. परिस्थिती नियंत्रणात आहे, यंत्रणेला कळवलं आहे, असं सांगा. पाइपचा उल्लेख टाळा.”

यंत्रणेला तिने कळवलं होतंच. खोदयंत्र तालुक्याहून निघणार होतं, भरतीनंतर पोचणार होतं. प्रांजलने तोंड उघडलं. धीराचं वाक्य जिभेवर आलंही होतं. सानू मानेकडे न आलेली ती संध्याकाळ तिला आठवली आणि काय होतंय ते कळायच्या आत तिने कर्णिका उपटून कमरेला खोचली.

“हेमंतदादा,” ती ओरडली. आवाज फाटला. “पाइप तुझा आहे. बांध तुझ्या पाइपाने फुटतोय.”

कुणीतरी फोन खाली केला.

“सगळ्यांसमोर बोलतेस?” हेमंत पुढे आला. “कुणाच्या घरची सून आहेस, इसरलीस?”

“सून आहे म्हणूनच गप्प होते. गावाच्या प्यायच्या पाण्यात मीठ गेलं, तर तुझ्या घरी काय कोळंबीच्या तलावातलं पिणार?”

“तुझ्या सासऱ्यानेच सांगितलं होतं मला, पाइप टाक म्हणून!”

“आणि तुझ्या म्हशी, रे पांडू?” तिसराच कुणीतरी ओरडला. “बांधाचा उतार कुणी खाल्ला?”

“तू बोलू नको. उघडीची फळी चुलीत कुणी घातली ते सांगू काय?”

“सांग ना, सांग! तुझी आयशी तवा कुठं होती तेपण सांग!”

बांधावर एकच गलका उठला. खालचा पाडा वरच्या पाड्यावर, जावा जावांवर. आपण हे काय करून बसलो? हात उचलले गेले तर? तेवढ्यात जोमाकाका हेमंत आणि पांडूच्या मधून वाट काढत चिखलात उतरले आणि भरलेलं घमेलं त्यांनी हेमंतच्या छातीवर आदळलं.

“भांड! पण हातात माती घेऊन भांड. नि पांडू, तू याच्या शेजारी. बघ हा कामात चोरी करतंय का.”

हेमंत शिव्या देतच उतरला. पाइपाचं तोंड त्याने स्वतः पेंढ्याने आणि पोत्यांनी दाबलं. पांडू शेजारून ओरडत राहिला, असं नव्हे, आडवं टाक, आडवं. अनंतीबायने तिच्या सगळ्यात जुन्या वैरिणीला समोर उभं करून घमेल्यांची रांग लावली. दोघी एकमेकींचं कूळ काढत होत्या आणि घमेलं एकदाही खाली पडत नव्हतं. प्रांजल कमरेएवढ्या चिखलात उभी राहून ढेकळं रचत होती.

भरती चढली. पाणी बांधाच्या माथ्याला लागलं, पाइपाच्या पलीकडे एका ठिकाणी वरून सांडलं आणि हेमंतच्याच भाताच्या दोन तुकड्यांत गेलं. त्या जमिनीत आता काही वर्षं पीक येणार नव्हतं. तळं वाचलं. पाणी उतरायला लागलं, तेव्हा हेमंत बांधावर बसून त्या दोन तुकड्यांकडे बघत होता. पांडूने त्याला विडी दिली.

गार्गीताई चार दिवसांनी आल्या. त्या भल्या बाई होत्या. बांध पाहून त्यांचे डोळे भरून आले.

“त्या वेळी सगळ्यांच्या मनगटावर पट्ट्या होत्या,” त्या म्हणाल्या. “राग कसा चढला, कामात कसा उतरला, सगळी नोंद आहे. सरपंचताई, हेच आम्हाला येत नव्हतं. नव्या कर्णिकेला शिकवता येईल, कधी शांत करायचं आणि कधी बोचेल असं बोलायचं. या किनाऱ्यावरच्या सगळ्या खारजमिनीच्या गावांना ती देता येईल. फक्त ही नोंद वापरायला ग्रामसभेची परवानगी लागेल.”

“म्हणजे कुठल्या वाक्याने माणसं भांडतील, तेही ती सांगेल?”

“बांध वाचणार असतील, तर का नाही?”

प्रांजल बांधाकडे बघू लागली. खरंच, का नाही? शेजारच्या गावाला जोमाकाका नसतील, तर त्यांचं तळं खारं व्हावं काय? तिने कर्णिका गार्गीताईंना परत दिली, पण चैन पडेना. सासूशी बोलताना, सानूला न्हाऊ घालताना ती मध्येच थांबायची, कुणीतरी पुढचं वाक्य देईल म्हणून. आणि वाक्य यायचं. त्याच संथ, समजूतदार आवाजात. कान रिकामा असून.

सभा बांधावरच भरली. पट्ट्या कुणी बांधल्या नव्हत्या. प्रांजलने गार्गीताईंचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, “द्यायची का परवानगी?”

समोरच्या चेहऱ्यांवरून तिला काहीच कळत नव्हतं. इतक्या महिन्यांत हे पहिल्यांदा होत होतं.

“आधी कान दाखव,” हेमंत म्हणाला.

तिने केस मागे घेतले.

“आता दुसरा,” अनंतीबाय म्हणाली. “नाकातपण बघा रे एकदा.”

लोक हसले. प्रांजलही हसली. जोमाकाका मात्र हसले नाहीत. ते काठीवर हनुवटी टेकून तिच्याकडे बघत होते, लेकीकडे बघावं तसे.

“कान रिकामा हाय ता दिसला, बाय,” ते म्हणाले. “पण येवढे महिने तू त्याचा ऐकत होतीस. आता तू जे बोलशील, त्यातला तुझा कोणता नि त्याचा कोणता, ता आमी वळखायचा कसा?”

हसणं विरलं. प्रांजलने बोलायला तोंड उघडलं. एक वाक्य तयार होतं, चांगलं होतं, सगळ्यांना पटेल असं. ते कुठून आलं, हे आठवत ती तशीच उभी राहिली.