पियानोचं झाकण

"पियानोचं झाकण मी मिटलंय, ते आजही बंदच ठेव. माझ्या लेकीचं व्हायोलिन शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे," बाबा दारातूनच म्हणाले नि सभागृहाकडे वळले.

माझ्या लेकीचं… खोलीत लेकी तर दोन होत्या! धाकटीच्या झग्याची उसवलेली शिवण टाचणाऱ्या ताईची सुई क्षणभर थबकली. मग तिनं दातांनी दोरा तोडला आणि सवयीनं धाकटीच्या कपाळाला हात लावून ताप नाही ना, ते पाहिलं.

आई गेली तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती. संगीत महाविद्यालयात प्रवेश मिळाल्याचं पत्र त्याच आठवड्यात आलं होतं. पण सहा वर्षांच्या धाकटीची वेणी कोण घालणार, रात्री दचकून उठली तर जवळ कोण घेणार, या काळजीनं तिनं ते कपाटाच्या तळाशी सारलं. बाबांनी धाकटीला व्हायोलिन शिकवलं, ताई साथीला बसली. पियानोनं व्हायोलिनला झाकू नये म्हणून बाबा प्रत्येक कार्यक्रमाआधी स्वतःच्या हातानं त्याचं मोठं झाकण मिटत. त्या मिटल्या लाकडाखाली ताई इतकं हळुवार वाजवायला शिकली होती, की कधीकधी तिलाच शंका येई… आपण वाजवतोय तरी का?

आजची रचना मात्र दोन्ही वाद्यांना सारखा मान देणारी होती. रंगमंचावर टाळ्या थांबल्या आणि धाकटीनं व्हायोलिन खुर्चीवर ठेवलं, पियानोला वळसा घातला, झाकण पुरतं उघडून त्याला उंच दांडीचा टेकू दिला.

"वेडी आहेस का? बुडशील अशानं," ताई पुटपुटली.

"बुडू दे. पोहायला तूच शिकवलंयस," धाकटी व्हायोलिन हनुवटीखाली धरत म्हणाली. "आणि दबून वाजवलंस तर मी मधेच थांबेन, सांगून ठेवते. सूर दे."

ताईनं सूर दिला, धाकटीनं त्यावर तारा जुळवल्या.

सुरुवातीला ताईची बोटं जुन्या धाकानं अडखळली. धाकटी श्रोत्यांकडे पाठ होईल इतकी तिच्याकडे वळून वाजवू लागली, जणू हात धरून ओढत होती. मग ती जागा आली, जिथे व्हायोलिन गप्प राहतं नि पियानो एकटा गातो… आणि इतक्या वर्षांचा कोंडलेला तो गंभीर, तेजस्वी नाद साऱ्या सभागृहावर पसरला! पहिल्या रांगेत गुडघ्यावर ताल धरणारा बाबांचा हात जागीच थांबला होता.

टाळ्या सरता सरेनात. बाबा रंगमंचाच्या पायऱ्या चढताना दिसले तशी ताई घाईनं उठली. झाकण मिटायलाच येत असणार. त्यांनी हात लावला खरा, पण टेकूची दांडी नीट बसली आहे ना, एवढंच चाचपलं.

"आता ही एकटी वाजवेल," ते श्रोत्यांकडे वळून म्हणाले. "ही माझी थोरली." मग अगदी हळू, फक्त तिला, "उशीर केला गं मी. वाजवशील ना?"

ताईचे डोळे भरून आले. बाबा खाली उतरून पायरीवर बसले, धाकटीही त्यांच्याशेजारी जाऊन बसली, ऐटीत, जणू ही आपलीच लेक. पियानोपाशी पुन्हा बसून ताईनं सवयीनं आरंभाच्या इशाऱ्यासाठी तिच्याकडे पाहिलं… आणि मग तिच्या ध्यानात आलं, आज कुणाच्या इशाऱ्याची वाट पाहायची नव्हती.

तिनं ताठ बसून श्वास घेतला आणि स्वतःच सुरुवात केली.