शनिवारी आठपासून, सगळं विकणे आहे

वाफलचा तो साचा आम्ही दोघांनी एकदमच धरला. मी मुठीकडून, त्यानं वायरीकडून.

"सोडा," मी म्हटलं.

"तुम्ही सोडा."

"मी आधी पाहिलाय."

"मी आधी धरलाय." आणि हसला... पावसाचा एक थेंब त्याच्या भुवईवर अडकलेला होता. "पाच डॉलर ना? घ्या," म्हणत त्यानं साचा विकणाऱ्या मिसेस टॉफ्टेंच्या हातात नोट ठेवली.

घासाघीस नाही, काही नाही. मिसेस टॉफ्टे नोटेकडे बघतच राहिल्या.

"अहो, लिहिलेली किंमत कुणी देतं का?" मी म्हटलं.

"मग लिहिता कशाला?"

गेल्या वर्षीचा मे. तिसरा शनिवार. त्या दिवशी आमचं टॅमरॅक फॉल्स गाव गॅरेजची दारं वर करतं आणि घरातलं जुनंपानं विकायला दारात मांडतं. मी फेब्रुवारीपासून तयारीत असते. गावाचा नकाशा, त्यावर त्रेचाळीस घरं, लाल पेनानं आखलेली वाट – आधी तळ्याकाठची बडी घरं, मग चर्च, शेवटी दूरची शेतं.

"हे काय, लढाईवर निघालात?" तो नकाशाकडे बघत म्हणाला.

"हसू नका."

"हसत नाहीये. मलाही न्या. मी एलॉय. न्यू मेक्सिकोचा. तुमच्या इथल्या पवनचक्क्या दुरुस्त करतो."

"मी मारित. लायब्ररीत असते. आणि साचा तुमचा असला तरी पहिलं वाफल माझं!"

चर्चच्या दारात पाद्रीणबाईंनी रूबार्बच्या आंबटगोड वड्यांचं ताट पुढं केलं. एलॉयनं लगेच उचलली. बाई चपापल्याच. मी नको म्हटलं. पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा दोन घेतल्या.

"एवढी भूक होती तर आधीच घ्यायची ना!"

"असं कसं घेणार?"

एवढंच बोलले मी. नीट समजावून सांगायला हवं होतं. तेव्हाच...

जून. डास, तळं, त्याचे ओले केस.

ऑक्टोबर. त्याच्या जॅकेटच्या खिशात माझा हात.

जानेवारी. बर्फ, बर्फ, वाफल, बर्फ.

मार्च.

(मार्च नको होता.)

स्वयंपाकघरातलं टेबल. मी नव्या हंगामाचा नकाशा आखत होते. तो कॉफीचा कप टेबलावर फिरवत होता.

"इथलं काम संपतंय," तो म्हणाला. "कंपनी कामाच्या दोन जागा देतेय, शुक्रवारपर्यंत कळवायचंय. एक ओक्लाहोमा. घर देतील. दोन खोल्या, गॅरेजही आहे... दुसरी जहाजावर. समुद्रातल्या पवनचक्क्या. एकट्यापुरती खोली." कप थांबला. "मारित, ओक्लाहोमाला येशील माझ्यासोबत?"

लाल पेन नकाशावरून घसरलं. थेट तळ्यात.

"छे, मी कशाला उगाच तुझ्या मध्ये?"

"उगाच नाही. खरंच विचारतोय. ये ना."

"नको रे. अडचण होईल तुला."

आमच्याकडे पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणत नाही. हावरट दिसतं. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला मान खाली घालून म्हणायचं – बरं, तू एवढं म्हणतोसच तर. कॉफी, वडी, बर्फ उपसायला शेजाऱ्याची मदत... सगळं असंच घेतो आम्ही. माझ्या आईनं माझ्या वडिलांनाही असंच घेतलं.

मी मान खाली घातली. 'बरं' अगदी जिभेच्या टोकावर.

"बरं," तो म्हणाला.

कप धुतला. पालथा ठेवला. गेला.

मी थांबले. शुक्रवार गेला. एप्रिल गेला. ओक्लाहोमाबद्दल मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मागितल्यासारखं झालं असतं. मेच्या सुरुवातीला तो म्हणाला, "माझं सामान विकायला मदत करशील? यातली उस्ताद तू." मला वाटलं, हे निमित्त. आता विचारेल.

जाहिरात, पहिला मसुदा:
*पलंग, दिवा, हत्यारं, भांडी. शनिवारी आठपासून. आधी येऊ नये.*

जाहिरात, दुसरा मसुदा:
*पलंग (एका बाजूला जास्त दबलेला), दिवा, वाफलचा साचा – साचा खोडला. पुन्हा लिहिला. खोडला.*

छापली ती:
*सगळं विकणे आहे.*

शनिवार. पुन्हा तोच बारीक पाऊस. त्याच्या गॅरेजच्या तोंडाशी घडीच्या दोन खुर्च्या, त्यांवर आम्ही. माणसं भांडी उलटी करून बघत होती.

"पलंग कशाला विकतोयस?" मी सहज विचारलं. "ओक्लाहोमात काय जमिनीवर झोपणारेस?"

"ओक्लाहोमा?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मी जहाज घेतलं, मारित. स्कॉटलंडच्या पलीकडे. दोन वर्षं. सोमवारी विमान आहे. मला वाटलं तुला कळलं असेल... एवढं सगळं विकतोय म्हणजे."

"कधी ठरवलंस?"

"तू नाही म्हणालीस, त्या शुक्रवारी."

"मी दोनदाच नाही म्हणाले होते!"

"दोनदाच?"

"तिसऱ्यांदा विचारायचं असतं, एलॉय! सगळे विचारतात. तू... तू का नाही विचारलंस?"

एका माणसानं दिवा नेला.

"आमच्या घरी बाई नाही म्हणाली की पुरुषानं गप्प बसायचं. माझ्या आईनं हे एकच मला फटके देऊन शिकवलंय."

"मी हो म्हणणार होते." मी म्हटलं. "अजूनही... मला तू हवायस. घे, सांगून टाकलं. पहिल्यांदाच, तू न विचारता."

त्यानं डोळे मिटले. पावसात त्याच्या पापण्या ओल्या होत्या, की –

"ओक्लाहोमाची जागा गेली गं. दुसऱ्या कुणाला तरी दिली. जहाजावर तुला कुठं ठेवू?"

"मी थांबेन. दोन वर्षं."

"नको."

"थांबेन म्हणतेय ना."

"नको, मारित. मार्चपासून रोज सकाळी उठून मी तुला विसरायचा प्रयत्न करतोय. आत्ता कुठं जरा जमायला लागलंय. पुन्हा तुझी वाट बघत त्या पाण्यावर... नाही व्हायचं माझ्याच्यानं."

तिसऱ्यांदा म्हणायला मी तोंड उघडलं. आणि बंद केलं. त्याचं नको पहिल्यापासून नकोच असतं.

रेनकोट घातलेलं एक म्हातारं जोडपं समोर येऊन उभं राहिलं. बाई आमच्या मागं वाकून किमतीची चिठ्ठी शोधत होत्या.

"या खुर्च्या द्यायच्यात का हो? दोन्ही?"

एलॉय माझ्याकडे बघत राहिला.

"हो," मी म्हटलं, आणि उठले.

मग तोही उठला.